टिक्स मोजायला जपाचा काउंटर: घ्यावा का, कसा वापरावा

पूजासाहित्याच्या दुकानात कापूर-अगरबत्तीच्या शेजारी टांगलेला असतो तो बोटात घालायचा काउंटर. पट्टा सिलिकॉनचा किंवा प्लास्टिकचा, पुढे पाच आकड्यांचा बारका पडदा, मोजायचं एक मोठं बटण आणि शून्य करायचं एक छोटं. जळगावात फुले मार्केटला, धुळ्यात पाचकंदीलला किंवा जत्रेतल्या पालावरही साधारण पन्नास ते शंभर रुपयांत मिळून जातो. केलाय नामस्मरणासाठी, पण ज्या घरात मूल डोळे गच्च मिचकावतं, मान झटकतं, घसा खाकरत राहतं (अशा आपसूक पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचाली आणि आवाज म्हणजेच टिक्स), तिथे तो त्या मोजायच्या कामाला येतो. त्या कामासाठी तो कसा आहे, एवढंच इथे पाहायचंय.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, "किती वेळा होतं?" आणि घरचं उत्तर ठरलेलं, "दिवसभर चालूच असतं." नेमकं तपासणीच्या खोलीत मूल दहा मिनिटं शांत बसतं, कारण अनोळखी माणसासमोर बरीच मुलं टिक्स काही वेळ दाबून धरू शकतात. शिवाय टिक्स आपल्या आपण वाढतात, ओसरतात, एक जाऊन दुसरी येते. गोळी सुरू केली त्याच आठवड्यात त्या ओसरल्या तर श्रेय गोळीला, वाढल्या तर दोषही गोळीलाच. आकडा लिहिलेला असेल तर या गोंधळातून वाट निघते.

या काउंटरचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. आजीच्या बोटात तसलाच असतो. आईने ओट्यापाशी उभं राहून बटण दाबलं तर मुलाला वाटतं नामजप चाललाय. हे महत्त्वाचं, कारण आपल्याला कोणी मोजतंय हे कळलं की टिक्सचा आकडाच बदलतो. कोणाच्या दाबल्याने कमी होतात, कोणाच्या नुसत्या विषयाने भडकतात. मोबाइलवरची मोजणीची ॲप्सही चालतात, पण फोन हातात दिसला की मूल फोन मागतं आणि मोजणी तिथेच संपते.

दुकानात घेताना दोन चाचण्या करा. पहिली, सावकाश शंभर वेळा बटण दाबा आणि आकडा पाहा. ९८ ते १०२ आला तर ठीक. स्वस्त बटणाचा संपर्क ढिला असला की एका दाबण्याला दोन मोजतो किंवा मोजतच नाही. दुसरी, भराभर वीसदा दाबा. टिक्स बहुतेक वेळा झुबक्याने येतात, पाच सेकंदांत सहा-सात झटके, आणि मंद काउंटर नेमका तिथे मागे पडतो. शून्य करायचं बटण पट्ट्याच्या आत दबलेलं हवं. वर उघडं असेल तर खिशात हात घालताच सगळं पुसलं जातं. अंधारात पेटणारा दिवा असलेला प्रकार घेऊ नका, तो मुलाचं लक्ष वेधतो.

शेजारीच स्टीलचा चार आकडी काउंटर असेल, अंगठ्याने खटका दाबायचा आणि बाजूची किल्ली फिरवून शून्य करायचा. टिकाऊ आहे, सेल लागत नाही, आकडा चुकत नाही. तरी या कामाला तो नापास, कारण प्रत्येक खटक्याला 'टक्' असा आवाज येतो. टुरेट (हालचालींच्या आणि आवाजाच्या टिक्स दीर्घकाळ राहणारा विकार) असलेल्या कितीतरी मुलांना ऐकलेला आवाज तोंडाने काढावासा वाटतो. महिनाभराने घरात दोन काउंटर वाजायला लागतील, एक स्टीलचा आणि एक मुलाच्या जिभेचा.

आता मोजायचं कसं. दिवसभर मोजू नका, थकाल आणि आकडा खोटा येईल. रोज एकच वेळ, दहा मिनिटं, एकच टिक. शाळेतून आल्यावर खाणं झालं की सात वाजता, असं काहीतरी ठरवा आणि मूल तेव्हा काय करत होतं तेही लिहा, कारण टीव्हीसमोरचे ३० आणि गृहपाठ करतानाचे ३० सारखे नाहीत. सुरू करण्याआधी टिकची व्याख्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. उदाहरणार्थ, 'मान उजवीकडे झटकून परत जागेवर आली की एक. ओळीने तीन झटके म्हणजे तीन.' डोळ्यांच्या बाबतीत हे जास्तच जपावं लागतं. माणूस एरवीही मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी लववतो, ते मोजायचं नाही. पापणी गच्च मिटली आणि गाल वर ओढला गेला तरच बटण दाबायचं. आई आणि वडील दोघं मोजणार असतील तर एकदा दोघांनी एकाच वेळी, एकमेकांचा पडदा न बघता मोजावं. आईचे ४२ आणि वडिलांचे २५ आले तर व्याख्या कच्ची आहे. बसा, पुन्हा ठरवा.

दहा मिनिटांत ४६ आले तर वहीत ४.६ लिहा, म्हणजे मिनिटाचा दर. एखाद्या दिवशी आठच मिनिटं मिळाली तरी तुलना करता येते. उपचार सुरू होण्याआधी दोन आठवडे असं लिहून ठेवलं की पाया तयार होतो. पुढे एका दिवसाची दुसऱ्या दिवसाशी तुलना करू नका, आठवड्याची आठवड्याशी करा. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरवाशिणी आल्या, झोके बांधले, घर गजबजलं की टिक्स वाढणारच. आनंदाच्या उत्तेजनानेही त्या वाढतात, फक्त परीक्षेच्या ताणाने नाही. त्या दिवसापुढे वहीत 'आखाजी' लिहिलं की काम झालं.

झटके इतके जलद असतील की बोट पुरत नाही, तर काउंटर बाजूला ठेवा. दहा मिनिटांचे तीस-तीस सेकंदांचे वीस चौकोन आखा, ज्या चौकोनात टिक दिसली तिथे फुली मारा. घड्याळ आणि पेन्सिल पुरे. काउंटरची हद्द इथेच संपते. तसाच तो जोर मोजत नाही. मान हलकी हलली काय आणि मानेत कळ येईल इतकी झटकली काय, त्याच्या लेखी एकच. डॉक्टर वापरतात त्या येल मोजपट्टीत टिक्सची संख्या, वारंवारता, जोर, गुंतागुंत आणि कामातला अडथळा अशा पाच बाजू असतात. प्रत्येकीला ० ते ५, हालचालींच्या टिक्सना २५ आणि आवाजाच्या टिक्सना २५, मिळून ५० गुण. काउंटर त्यातल्या एका बाजूपुरताच कामाचा. जोरासाठी वहीत 'हलका, मधला, जोराचा' एवढं लिहिलं तरी चालेल.

मुलाच्या बोटात तो कधी घालायचा? साधारण आठ-दहा वर्षांनंतर बऱ्याच मुलांना टिक येण्याआधीची खाज, ताण किंवा चुळबुळ कळू लागते. वर्तनोपचारात हीच जाणीव पक्की करतात, आणि तेव्हा मुलाने स्वतः बटण दाबणं उपयोगी ठरतं. नॅथन ॲझरिन आणि ग्रेगरी नन यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या सवय-बदल पद्धतीत आधी जाणीव येते, मग विरोधी हालचाल. घसा खाकरायची सुरसुरी आली की तोंड मिटून नाकाने संथ श्वास, मान झटकायची आली की हनुवटी किंचित खाली घेऊन मानेचे स्नायू हलके ताणून धरायचे. हे साधारण एक मिनिट किंवा सुरसुरी जाईपर्यंत. या पद्धतीवर बेतलेल्या उपचाराच्या, २०१० मध्ये छापून आलेल्या अमेरिकेतल्या चाचणीत ९ ते १७ वयाची १२६ मुलं होती, दहा आठवड्यांत आठ बैठका झाल्या. या उपचाराच्या गटात ५२.५ टक्के मुलांत ठळक सुधारणा दिसली, नुसत्या समजावणीच्या आणि आधाराच्या गटात १८.५ टक्के. हे मात्र या उपचाराचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडूनच करून घ्यायचं. काउंटर हा उपचार नाही.

काही घरांनी तो घेऊच नये. टुरेटसोबत ओसीडी (तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा कराव्याशा वाटणारा विकार) अनेकदा असतो. 'आकडा सम आला पाहिजे', 'शेवटी शून्य यायला हवं' असं मुलाच्या डोक्यात बसलं की तो पन्नास रुपयांचा काउंटर घरातली नवी कटकट होतो. नुसतं बटण दाबत राहणं हीच टिक झाली, असंही घडतं. आणि 'आज वीसच्या आत आलास तर आइस्क्रीम' हा सौदा तर कधीच नको. मूल टिक्स दाबून धरतं, दमतं, रात्री चिडचिड करतं, किंवा सरळ कमी आकडा सांगायला शिकतं. बक्षीस सराव केल्याचं द्यावं, आकड्याचं नाही. आजोबांचं "नको करू रे भो" हे प्रेमाचं असलं तरी मोजणीच्या दहा मिनिटांत तेही बंद.

खान्देशच्या उन्हाळ्याबद्दल दोन शब्द. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या घरात गेला की उन्हात ठेवलेला एलसीडी पडदा काळा पडतो. सावलीत गार झाला की बहुधा परत येतो, पण गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवूच नका. पट्ट्याखाली घाम साचून बोटाला पुरळ येतं, म्हणून मोजून झालं की काढून ठेवा. उकाड्याने काहींच्या टिक्सही वाढतात, तेव्हा वहीत त्या दिवशीची गरमी लिहिणं वाया जात नाही.

किमतीच्या मानाने वस्तू चांगली, पाचपैकी साडेतीन. दीड गुण कापलाय तो बटणाच्या बेभरवशासाठी आणि मागच्या झाकणासाठी. पुष्कळ काउंटरना झाकणाला स्क्रू नसतो, नखाने उघडतं आणि आतला बटण-सेल बाहेर पडतो. घरात रांगतं मूल असेल तर झाकणावर चिकटपट्टी गुंडाळा आणि काउंटर उंचावर ठेवा. सेल गिळल्याची शंका आली तरी वाट न बघता थेट दवाखाना गाठायचा, कारण अन्ननलिकेत अडकलेला सेल काही तासांतच आतून भाजतो. बदलायचा सेल घेताना जुना सोबत न्या, साधारण सारख्याच दिसणाऱ्या सेलची जाडी वेगळी असते. कुठे दाखवायचं हे ठरत नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्याचा सरकारी क्रमांक फुकट आणि चोवीस तास चालू असतो. डॉक्टरांकडे जाताना वही न्या आणि मोबाइलवर पाच मिनिटांचा व्हिडिओ न्या, मुलाच्या नकळत लांबून घेतलेला, ज्यात चेहरा आणि खांदे दोन्ही दिसतील.