तांब्याची कॅट ६ केबल: धाब्याच्या घरात दहा महिने वापरल्यावर

आमचं घर यावल तालुक्यात, जुनं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. हातभर जाड मातीच्या भिंती. मे महिन्यात पारा ४५ वर गेला तरी आत गारवा असतो, पण वायफाय माजघरात पोचेपर्यंत जीव सोडतं. पुढच्या खोलीत माझं खत-बियाण्यांचं दुकान, मागे घर आणि वाड्यापलीकडे साठेक मीटरवर गोदाम. गोदामात दोन कॅमेरे. त्यामुळे नेटवर्कची केबल ओढल्याशिवाय इलाज नव्हता. कॅट ६ हा तिचाच एक दर्जा.

पहिल्यांदा फसलो. 'कॅट ६' छापलेला ३०५ मीटरचा बॉक्स जवळपास निम्म्या भावात मिळाला, म्हणून उचलला. वायरमन म्हणाला, "भो, सगळ्या सारख्याच असतात." तीन महिने बरं चाललं. मग गोदामातला लांबचा कॅमेरा रात्री बंद पडायला लागला. दिवसा एकदम नीट, अंधार पडला की दर दहा मिनिटांनी बंद-चालू. कॅमेरा बदलला, सगळ्या केबली जिथे जोडतात तो नेटवर्क स्विच बदलला, फरक शून्य. नानांना वाटलं कुणीतरी मुद्दाम करतंय. दोन रात्री ते काठी उशाला घेऊन गोदामात झोपले.

शेवटी भर दुपारी कॅमेऱ्यावर गोणपाट टाकलं, आणि तो दिवसाढवळ्या बंद पडला! पीओई कॅमेऱ्याला वीजही याच केबलमधून मिळते. अंधार झाला की त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि करंट वाढतो. आमच्या तारा ॲल्युमिनियमच्या, वरून नुसता तांब्याचा मुलामा. बाजारात याला सीसीए म्हणतात. तिचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट, त्यामुळे एवढ्या अंतरावर पलीकडे पुरेसं व्होल्टेजच पोचत नव्हतं. कॅट ६ च्या मानकात अशी तार मुळात बसतच नाही, पण बॉक्सवर काय छापावं याला कोण अडवतो?

तेव्हापासून दुकानातच तार ब्लेडने खरवडून बघतो. आतून पांढरी चकाकली की बॉक्स परत. हातात धरूनही कळतं, तांबं ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड. जुन्या केबलचा एक तुकडा आईने अंगणात कपडे वाळत घालायला बांधलाय. त्या कामाला ती उत्तम आहे.

नवी केबल पूर्ण तांब्याची घेतली, २३ गेज जाडीच्या तारांची. वाड्यातून जाणाऱ्या भागाला काळ्या पॉलिथिन आवरणाची, कारण घरात वापरायची साधी पीव्हीसी केबल आमच्या उन्हात तडकते. दहा महिन्यांत कॅमेरा रात्री एकदाही बंद पडला नाही.

दुसरा फायदा अनपेक्षित होता. फायबरचं इंटरनेट कनेक्शन २०० एमबीपीएसचं, पण दुकानाच्या संगणकावर स्पीड ९४ च्या वर कधी जायचाच नाही. मी कंपनीला फोन करून करून थकलो होतो. कंपनीचा काही दोष नव्हता. वायरमनने आठपैकी चारच तारा जोडल्या होत्या, "बाकीच्या कशाला लागतात?" म्हणून. १०० एमबीपीएसला चार पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. आता मीच क्रिम्पिंग, म्हणजे तारांना प्लग बसवणं, शिकलो. तारांचा क्रम असा: पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मधे निळी जोडी येते, तिथेच नवखा चुकतो. आणि तारांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही.

आता तक्रारी. कॅट ६ जाड आणि ताठ. आत प्लास्टिकची फुलीसारखी पट्टी असते, त्यामुळे केसिंगच्या कोपऱ्यात वळवताना घाम निघतो. कॅट ५ई, म्हणजे खालच्या दर्जाच्या केबलचे, आरजे-४५ प्लग तिला बसले नाहीत, दोन डझन वाया गेले. खरं सांगायचं तर घरापुरती कॅट ५ई पूर्ण तांब्याची असती तरी भागलं असतं. तीही १ गिगाबिट १०० मीटरपर्यंत नेते. कॅट ६ वर १० गिगाबिट साधारण ५५ मीटरपर्यंत जातं, पण माझ्या दुकानात ते घेऊन मी काय करणार, बिलं छापणार?

पावसाळ्याआधी धाब्यावर माती टाकायला माणसं चढली, तेव्हा एकाच्या फावड्याने केबलचा पाईप आणि आतली केबल दोन्ही तुटलं. चूक माझी, पाईप धाब्यावरून न्यायलाच नको होता. आता भिंतीच्या कडेने नेलाय, विजेच्या वायरींपासून वीतभर लांब.

जूनमध्ये जवळच कुठेतरी वीज पडली आणि गोदामाकडे जाणारा स्विचचा पोर्ट गेला. केबल कितीही अस्सल असली तरी दोन इमारतींमध्ये तांबं टाकलं की हा धोका राहतोच. फायबरमधून वीज वाहत नाही. म्हणून येत्या पावसाळ्याआधी गोदामापर्यंत फायबर टाकतोय आणि कॅमेऱ्यांचा पीओई स्विच तिकडेच बसवतोय. गोदामात विजेचं कनेक्शन आहे, लोडशेडिंगसाठी एक छोटा यूपीएस तेवढा घ्यावा लागेल.