७×५० मरीन दुर्बीण: शिडाच्या बोटीवर आणि हतनूरला वापरून

भुसावळात राहून मरीन दुर्बीण कशाला, असं सासूबाईंपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी विचारलं. कारण आमचे ताई-दाजी. दाजी जहाजावरून रिटायर झाले नि शिडाची बोट घेतली, आता पावसाळा सरला की ते दोघं आणि भाची मेपर्यंत बोटीवरच असतात, गोव्याहून वेंगुर्ला, मालवण, विजयदुर्ग करत, आणि पोरांना सुट्टी लागली की आम्ही पण तिकडेच. दुर्बीण दिवाळीच्या आधी घेतली, आता मे संपत आला.

पहिलं सांगते, बोटीवर १०×, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी, नेऊच नका. आमच्याकडे १०×४२ आहे, भुसावळजवळच्या हतनूर धरणाच्या पाण्यावर लांब बसलेली बदकं बघायला मस्त, पण डेकवर जिथे पायच ठरत नाही तिथे हात जेवढा हलतो त्याच्या दहापट चित्र हलतं, डॉल्फिन सापडायच्या आत डोकं गरगरतं. ७× मधे चित्र लहान दिसतं पण हातात थांबतं. शिवाय ५० ला (हा पुढच्या भिंगाचा व्यास, मिमीमधे) ७ ने भागा, साधारण ७ मिमी येतं, तेवढा रुंद प्रकाश डोळ्यापर्यंत पोचतो (१०×४२ ला ४.२ च), म्हणून बोट डोलली, डोळा जरा सरकला तरी चित्र काळं पडत नाही. दिवेलागणीला तर फरक लगेच कळतो.

फोकस दोन्ही डोळ्यांचा वेगवेगळा. एकदा लावला की लांबचं सगळं क्लिअर, सारखं फिरवत बसायचं नाही. पण घरात चार जणांचे चार नंबर, म्हणून रिंगवर नेलपॉलिशचे ठिपके दिलेत, लाल माझा, गुलाबी लेकीचा, दाजींचा जांभळा. आता कोणी कुरकुर करत नाही.

सगळ्यात जास्त उपयोग प्राण्यांसाठी नाही, जाळ्यांसाठी होतो. कोळ्यांच्या जाळ्यांचे फ्लोट आणि झेंडे लांबून दिसले पाहिजेत, नाहीतर पंख्यात दोर अडकतो नि कोळ्याचं जाळंही जातं. त्यामुळे पोरांची आळीपाळीने पुढे बसून ड्युटी असते. अशाच एका सकाळी मतलई वारा पडला होता, पाणी सपाट, लेक ओरडली पुढे फ्लोट आहे म्हणून. बघितलं तर ऑलिव्ह रिडले कासव, आणि त्याच्या पाठीवर एक सुरय पक्षी निवांत पंख साफ करतोय! कासवाने श्वासाला डोकं वर काढलं, तरी तो हलला नाही. दाजींनी बोटीचं तोंड वळवून ती लांबून काढली.

किनाऱ्याजवळ दिसतात ते बहुतेक कुबडवाले डॉल्फिन, पाठीवर उंचवटा नि त्यावर छोटा पर. टुरिस्ट बोटी इंजिन फुल करून त्यांच्या मागे धावतात ते बघून फार वाईट वाटतं, १९७२ च्या कायद्याने संरक्षण असलेला जीव आहे तो. चांगली दुर्बीण असली की जवळ जायची गरजच पडत नाही. इंजिन बंद करा, बसा, पिल्लू आईला चिकटून वर येतं तेही दिसतं.

दुर्बिणीतून बघताना आत दिसणारी मोजपट्टी भाचीला आवडते. दीपगृहाची उंची मीटरमधे, गुणिले १०००, भागिले पट्टीवरचे घर, की अंतर मीटरमधे. ३० मीटरचं दीपगृह १० घरं भरलं तर ३ किलोमीटर. तिचा गणिताचा तास यातच होतो, ताई खाली झुलत्या शेगडीवर कळण्याची भाकर टाकत असते.

मेंटेनन्स म्हणजे मीठ. लेन्स कोरड्या रुमालाने पुसायची नाही, मिठाचे कण कोटिंग ओरबाडतात. आधी गोडं पाणी ओतायचं, मग पुसायचं. बोटीवर गोडं पाणी मोजून वापरतात, पण दाजी यासाठी एक मग देतातच. एवढं करूनही पट्ट्याची कडी गंजली, मरीन म्हणून विकणाऱ्याने स्टेनलेस स्टीलची कडी द्यायला हवी होती. तरंगणारा पट्टा वेगळा घेतला.

इकडे खान्देशात मात्र हिचा जीव कमी पडतो. हतनूरला चक्रवाक ओळखू येतात, पण लांबच्या थव्यातली बारकी बदकं वेगळी करता येत नाहीत, यावलच्या जंगलात तर झाडावरचा पक्षी जवळ आला की फोकस पुन्हा दोन्हीकडे फिरवा, तोवर तो उडालेला. वजन साधारण किलोभर, चालताना मान दुखते. फक्त तापीकाठी फिरणार असाल तर ८×४२ वॉटरप्रूफ घ्या. वर्षातून थोडे दिवस जरी शिडाच्या बोटीवर राहायला मिळणार असेल तर हीच घ्या, चष्मा असेल तर आधी तो लावून बघा, आणि बिल देण्याआधी कडी तपासा.