बोगद्याच्या कामावरची सल्लागार टीम: माझा अनुभव

पाणीपुरवठ्याच्या नव्या बोगद्यावर मी मालकाच्या बाजूचा इंजिनिअर होतो. देखरेखीला बाहेरची सल्लागार टीम नेमली होती. अडीच वर्षं त्यांच्यासोबत काढली, म्हणून लिहितोय.

त्यांची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे पुढचा खडक चाचपून बघणं. टीबीएमच्या (बोगदा खोदणाऱ्या यंत्राच्या) तोंडापुढे 30 मीटरचं प्रोब होल, म्हणजे तपासणीचं छिद्र, मारल्याशिवाय ते पुढे खोदू देत नसत. ठेकेदार वैतागायचा, पण ते हटले नाहीत. एका रात्रपाळीत त्याच छिद्रातून गढूळ पाण्याची मनगटाएवढी धार सुटली. त्यांच्या भूगर्भतज्ज्ञ मॅडमनी बादली लावली, घड्याळ धरून प्रवाह मोजला आणि जागेवरच ग्राउटिंगचा निर्णय घेतला. सिमेंट भरायचं, पुन्हा छिद्र मारून ल्यूजॉन चाचणी घ्यायची (दाबाने सोडलेलं पाणी खडकात किती शिरतं ते मोजायचं; 10 बार दाबाला छिद्राच्या दर मीटरमागे मिनिटाला 1 लिटर पाणी गेलं की 1 ल्यूजॉन), आकडा उतरेना तर परत भरायचं. चार दिवस गेले, पण मशीन अडकलं नाही. पाण्याच्या बोगद्यात हे फार महत्त्वाचं, कारण भरलेला असताना आतलं पाणी बाहेर झिरपतं आणि दुरुस्तीला रिकामा केला की बाहेरचं आत येतं.

हवा, गॅस मीटर, हजेरीचा फलक याबाबतीत चोख.

तक्रार एकच. ठेकेदाराच्या जादा कामाच्या दाव्यांवर त्यांचं उत्तर यायला दोन-दोन महिने लागायचे. तेवढ्यात पाइपलाइन जोडणीची टोळी काम सोडून गेली, आणि ती परत जमवताना माझा जीव मेटाकुटीला आला. करारात उत्तराची मुदत आधीच घालून घ्या.