सोयाबीन: बीबीएफ की बेडवर टोकण?

मृग जवळ आला की हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. मी दोन्ही करून बसलोय. तीन वर्षं बीबीएफ, म्हणजे ट्रॅक्टरच्या यंत्रानं रुंद वरंबा-सरी पाडत पेरणी; मग दोन वर्षं टोकण, म्हणजे तयार वरंब्यावर (बेडवर) हातानं ढकलायच्या यंत्रानं बी टोचणं. दोन्ही त्याच चार एकर काळ्या रानात. म्हणून सांगतो ते माझ्या रानापुरतं धरा.

पाण्याच्या बाबतीत दोन्हींत डावं-उजवं नाही. जास्तीचं सरीतून निघून जातं आणि उघडीप लांबली तरी वरंब्याच्या पोटात ओल टिकते. इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेनं हैदराबादजवळ पाटणचेरूला 1970च्या दशकात काळ्या जमिनीसाठी रुंद सरी-वरंब्यावर काम केलं, ते उगाच नाही. बियाण्यात मात्र फरक पडतो. साध्या पेरणीला एकरी 30 किलो लागायचं, बीबीएफनं ते 22 वर आलं, टोकणीनं 15 वर.

वेगात बीबीएफला तोड नाही. बी आणि खत एकाच फेरीत पडतं. टोकण यंत्र ढकलत एक गडी दिवसाला जेमतेम एकर ओढतो. ओल जरा जास्त असली की बी सोडणाऱ्या चोचींत माती बसते. मग थांबा, खिशातला खिळा काढा, चोच कोरा, पुन्हा ढकला. पहिल्या दिवशी आमची मंडळी वैतागून म्हणाली, "यापेक्षा आपली तिफण बरी होती."

तरी मी बीबीएफ सोडलं ते वापशापायी, म्हणजे जमीन फार ओलीही नाही आणि सुकलेलीही नाही अशा मोजक्या दिवसांपायी. चांगला 100 मिलिमीटर पाऊस होऊन उघडला की आमच्या रानाला पेरणीजोगा वापसा दोन-तीन दिवसच. तेवढ्यात अख्ख्या गावाला पेरायचं असतं आणि बीबीएफ यंत्रं दोन. एक गटाला अनुदानावर मिळालेलं, दुसरं भाड्याचं. तिसऱ्या वर्षी माझा नंबर सहावा. फोन केला की "निघालोच दादा". दादा आला तेव्हा अंधारून आलेलं. घाईत त्यानं खोली बघितलीच नाही. बी तीन-चार सेंटिमीटरवर पडायचं ते पार खाली गेलं, रात्री वरून पाऊस दणकला आणि बांधाकडची तासंच्या तासं उगवली नाहीत.

आता दोन टोकण यंत्रं गोठ्यात टांगलेली असतात. वापसा दिसला की उजाडायला सुरुवात, दोन दिवसांत रान उरकतं. नेरळच्या सगुणा बागेनं भातात रुजवलेल्या एसआरटीचं, म्हणजे न नांगरता त्याच बेडवर पीक घेण्याच्या पद्धतीचं, बघून मी बेडही मोडत नाही. सोयाबीन कापून मुळं तशीच ठेवतो, हरभरा त्याच बेडवर. यंदा ढेकूळ फोडलं तर आत गांडुळं. नांगरट नाही म्हणून तणनाशकावर भिस्त येते, तेवढं मात्र मनाला टोचतं.

दहा-बारा एकर आणि घरचा ट्रॅक्टर असेल तर बीबीएफच बरं असावं. चार-पाच एकरवाल्यानं निदान एक एकर टोकण करून बघायला हरकत नसावी. गल्लीतले दोघं-तिघं माझं यंत्र मागायला येतात. देतो, फक्त वापशाच्या दिवशी नाही.