ब्रिटनचा स्पाउस व्हिसा नाकारला: अपील की नवा अर्ज?

जुळे सोलापुरातल्या माझ्या मावसबहिणीला ब्रिटनमधल्या नवऱ्याकडे राहायला जाण्यासाठीच्या या व्हिसाच्या नकाराचं पत्र आलं, तेव्हा घरात एकच घोषा: लगेच अपील कर! मी म्हटलं, आधी पत्रातलं कारण नीट वाच.

कागदच कमी पडले असतील तर नवा अर्ज बरा. तिचं तेच झालं. नवऱ्याच्या सहा महिन्यांच्या पगारपावत्या होत्या, पण एका महिन्याची रक्कम बँक स्टेटमेंटशी जुळत नव्हती. लग्नपत्रिका मराठीत, सोबत प्रमाणित इंग्रजी भाषांतर नाही. हे सगळं दुरुस्त करता येतं. मात्र फी पुन्हा पूर्ण भरावी लागते (आरोग्य अधिभार, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी आधीच भरलेली रक्कम, तेवढा परत मिळतो), आणि टीबी नसल्याचा दाखला सहाच महिने चालतो. ब्रिटनमधल्या जोडीदाराच्या उत्पन्नाची वर्षाला २९,००० पौंडांची अटच पूर्ण होत नसेल, तर घाईने नवा अर्ज करून पैसे घालवू नका.

कागद चोख असूनही तुमचं नातं खरं नाही असं अधिकाऱ्याने ठरवलं असेल, तर अपील कराच. भारतातून मुदत २८ दिवसांची. अपिलाची फी सुनावणीशिवाय ८० पौंड, सुनावणीसह १४०. खर्च कमी, पण निकालाला महिनोन्‌महिने लागतात. म्हणून पत्र पहिल्याच आठवड्यात वकिलाला दाखवा.