न्यूड स्टडीज कुठे टाकायच्या: इन्स्टाग्राम, एक्स की स्वतःची वेबसाइट?

माझी फोंड्याची भाची पणजीला आल्तिनोवरच्या कला महाविद्यालयात शिकते. तिच्या न्यूड स्टडीज, म्हणजे नग्न मॉडेल समोर बसवून काढलेली अभ्यासचित्रं, मनापासून आवडाव्यात अशा आहेत. "मामा, कुठे टाकू?" असं तिने विचारलं. तिला दिलेलं उत्तर इतरांच्याही कामी यावं म्हणून इथे लिहितोय.

इन्स्टाग्रामचा नियम आपल्या बाजूने आहे. नग्न फोटो चालत नाहीत, चित्रं आणि शिल्पं चालतात. पण पहिली चाळणी यंत्राची, आणि यंत्र चुकतं. ओल्या केसांची पाठमोरी बाई, कमरेखाली चारकोलच्या नुसत्या चार रेषा, एवढंच माझं एक चित्र होतं. एका मोठ्या ॲपवरून ते दोन तासांत उडालं. तक्रार केल्यावर नवव्या दिवशी परत आलं, तोवर प्रदर्शन आटोपलं होतं. तरीही गॅलरीवाले आणि गिऱ्हाइकं इन्स्टाग्रामवरच आहेत, हे विसरून चालणार नाही.

एक्सने २०२४ मध्ये प्रौढांचा, संमतीने केलेला मजकूर लेबल लावून चालेल असं नियमातच लिहिलं. चित्र टिकेल, पण शेजार कसला असेल त्याचा विचार कर. तुझा अभ्यास त्या गर्दीत कोण अभ्यास म्हणून बघणार? मी तिथे टाकणार नाही.

कंपन्या सोवळ्या आहेत म्हणून असं वागतात, हे मला पटत नाही. त्यांची दोरी दुसऱ्यांच्या हातात असते. टम्बलर या ब्लॉगच्या साइटवर लहान मुलांच्या लैंगिक शोषणाची छायाचित्रं सापडली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये ते ॲपलच्या स्टोअरमधून गेलं. १७ डिसेंबरला टम्बलरने प्रौढ मजकूरच बंद केला. पैसे भरून प्रौढ मजकूर बघण्याच्या ओन्लीफॅन्स या साइटनेही ऑगस्ट २०२१ मध्ये बँकांकडे बोट दाखवून अशा मजकुरावर बंदी जाहीर केली आणि आठवड्याच्या आत मागे घेतली. जाहिरातदारांनाही आपला साबण अशा फोटोशेजारी नको असतो. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनुसार, आपलं नग्न चित्रण कुणी टाकल्याची तक्रार त्या व्यक्तीने केली, तर कंपनीला ठरलेल्या मुदतीत (आधी २४ तास, फेब्रुवारी २०२६ पासून दोन तास) ते हटवण्यासाठी पावलं उचलावी लागतात. हा नियम मला हवाच आहे. फसवून टाकलेल्या फोटोपायी मुलींची आयुष्यं उद्ध्वस्त होतात. त्यापुढे माझे नऊ दिवस काहीच नाहीत.

स्वतःच्या वेबसाइटवर यंत्राची कात्री नाही, पण बघणारेही आपणच गोळा करायचे. होस्टिंग आणि पेमेंट गेटवे यांच्या अटी आधी वाच. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं अश्लील मजकुराबद्दलचं कलम ६७ तिथेही लागू आहे, आणि जबाबदारी थेट तुझी. मात्र नग्न म्हणजे अश्लील नव्हे. चित्रकार एफ. एन. सूझा, आपल्या साळगावचे, यांची आणि अकबर पदमसींची मिळून सात चित्रं कस्टम्सने अडवली होती. ती परत द्या, असं मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं.

माझ्या मते पूर्ण संग्रह वेबसाइटवर ठेव. इन्स्टाग्रामवर हात, पाठ, मान अशी कातरलेली चित्रं टाक आणि तिथून लोकांना वेबसाइटवर आण. पण त्याआधी प्रत्येक मॉडेलला विचार. वर्गात बसायला होकार दिला म्हणजे इंटरनेटला दिला असं नाही, आणि आपल्या गोव्यात चेहरा ओळखायला किती वेळ लागतो? तुझ्या वहीतल्या तिसऱ्या पानावरच्या बाई मी पाहताक्षणी ओळखल्या. ते पान कुठेच टाकू नकोस.