क्रॅप्स: मशीनवर खेळावे की टेबलावर?

अमेरिकेतल्या मोठ्या कॅसिनोत क्रॅप्स, म्हणजे दोन फाशांवरचा पैजांचा खेळ, खेळायला गेलेल्या माणसाला आज दोन जागा दिसतात. एक म्हणजे उंच कठड्याचे, बारा ते चौदा फूट लांबीचे आणि पंधरा-वीस माणसांनी वेढलेले टेबल; दुसरी म्हणजे काचेच्या घुमटाभोवती मांडलेल्या काही खुर्च्या आणि प्रत्येक खुर्चीसमोर एक टचस्क्रीन. दोन्हीकडे पैजांची नावे सारखीच असतात. मग कुठे बसायचे, हा प्रश्न निव्वळ आवडीचा वाटतो, पण तो तसा नाही. कोणती पैज किती दराने फेडली जाते, एका तासात किती दाने पडतात आणि एका दानामागे कमीत कमी किती रक्कम लावावी लागते, या तीन गोष्टींनी दोन्हीकडचा खर्च बदलतो.

मूळ खेळ दोन्हीकडे एकच आहे. पास लाइनवर पैज लावली की पहिल्या दानाला ७ किंवा ११ पडल्यास आपण जिंकतो, २, ३ किंवा १२ पडल्यास हरतो, आणि उरलेल्यांपैकी कोणताही आकडा पडला तर तो पॉइंट ठरतो. त्यानंतर ७ पडण्याआधी तोच आकडा पुन्हा पडावा लागतो. दोन फाशांच्या ३६ जोड्यांपैकी सहा जोड्यांची बेरीज ७ येते, ६ आणि ८ यांच्या प्रत्येकी पाच जोड्या असतात, तर ४ आणि १० यांच्या प्रत्येकी तीनच. या हिशेबाने पास लाइनवर कॅसिनोचा वाटा, म्हणजे लावलेल्या रकमेपैकी सरासरीने कॅसिनोकडे जाणारा भाग, १.४१ टक्के पडतो, आणि उलट बाजूच्या डोन्ट पास पैजेवर तो १.३६ टक्के असतो.

नवख्या माणसाची पहिली शंका असते ती मशीनमधल्या फाशांविषयी. मशीनचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. घुमटाच्या मशीनमध्ये, ज्याला बोलीभाषेत बबल क्रॅप्स म्हणतात, नेहमीपेक्षा मोठे पण खरेखुरे फासे असतात. खालची तबकडी जोरात थरथरली की ते उसळतात आणि थांबल्यावर त्यांचे आकडे यंत्र वाचते. दुसऱ्या प्रकारात फासे केवळ पडद्यावर असतात आणि दान संगणक काढतो. या दुसऱ्या प्रकारावर लोकांचा विश्वास कमी असतो, परंतु नेवाडा राज्याचा नियम इथे स्पष्ट आहे: प्रत्यक्ष खेळाची नक्कल करणाऱ्या यंत्रात एखादा निकाल येण्याची संभाव्यता प्रत्यक्ष खेळातल्या संभाव्यतेइतकीच असली पाहिजे. म्हणजे पडद्यावरच्या फाशांवरही ७ पडण्याची शक्यता सहातून एकच राहते. त्यामुळे तिथे तरी दानाविषयी शंका घेण्यात वेळ घालवू नये; लक्ष द्यायचे ते दरांवर. नियम दानाला बांधून ठेवतो, प्रत्येक पैजेचा दर मात्र टेबलाटेबलावर आणि मशीनमशीनवर वेगळा असू शकतो.

हा फरक कुठे लपतो, ते एका उदाहरणाने सांगतो. २ किंवा १२ या आकड्यावर एका दानापुरती पैज लावता येते. जिंकल्यावर लावलेला डॉलर परत आणि वर ३० डॉलर मिळत असतील, तर कॅसिनोचा वाटा १३.८९ टक्के होतो. पण लावलेला डॉलर धरून एकूण ३० मिळत असतील, तर प्रत्यक्ष नफा २९ चाच राहतो आणि तोच वाटा १६.६७ टक्क्यांवर जातो. दोन्ही ठिकाणी छापलेला आकडा ३० च असतो, आणि मूळ पैज त्यात धरली आहे की नाही, हे एका लहानशा इंग्रजी शब्दावरून ('to' असेल तर मूळ पैज वेगळी, 'for' असेल तर त्यात धरलेली) ओळखावे लागते. ही चलाखी काही टेबलांच्या कापडावरही आढळते, तेव्हा ती केवळ मशीनच्या माथी मारता येणार नाही. तसेच फील्ड पैजेचे, म्हणजे २, ३, ४, ९, १०, ११ किंवा १२ पडेल अशा एका दानाच्या पैजेचे आहे: २ आणि १२ या दोन्हींवर दुप्पट मिळत असेल तर वाटा ५.५६ टक्के, आणि त्यांतल्या एकावर तिप्पट मिळत असेल तर निम्मा, म्हणजे २.७८ टक्के. मशीनचा फायदा असा, की मदतीच्या पानावर सगळे दर निवांत वाचता येतात. टेबलाशी गर्दीत उभे राहून, दोन दानांच्या मधल्या वेळात डीलरला हे विचारणे अनेकांना अवघड जाते.

अपूर्णांकाच्या बाबतीत मशीन उघडच सरस आहे. ६ किंवा ८ वरच्या प्लेस पैजेचा, म्हणजे ७ च्या आधी तो आकडा पडेल या पैजेचा, दर सहाला सात असा असतो. टेबलावर तो पूर्ण मिळायचा तर रक्कम सहाच्या पटीत लावावी लागते, कारण डीलर सुट्ट्या सेंटांचा हिशेब करत नाहीत. पाच डॉलर लावणाऱ्याला तिथे पाचच मिळतात, तर अनेक मशीन ५ डॉलर ८३ सेंट जमा करतात. थोड्या रकमेने खेळणाऱ्याला हा फरक तासाभरात जाणवतो.

ऑड्सच्या बाबतीत मात्र बहुधा टेबलाचे पारडे जड होते, आणि माझ्या मते निर्णय घेताना सर्वांत जास्त वजन यालाच द्यावे. पॉइंट ठरल्यावर पास लाइनच्या मागे जी ऑड्स नावाची जादा पैज ठेवता येते, ती अगदी खऱ्या संभाव्यतेच्या दराने फेडली जाते: ४ आणि १० वर दुप्पट, ५ आणि ९ वर दीडपट, ६ आणि ८ वर पाचाला सहा. कॅसिनोचा वाटा शून्य असलेली अशी पैज कॅसिनोत क्वचितच सापडते. अनेक टेबलांवर ४-१० साठी तिप्पट, ५-९ साठी चौपट आणि ६-८ साठी पाचपट ऑड्स लावू देतात. ती पूर्ण लावली तर पास लाइन आणि ऑड्स मिळून कॅसिनोचा वाटा ०.३७ टक्क्यांपर्यंत उतरतो. दुप्पट ऑड्सची मर्यादा असेल तर तो ०.६१ टक्के राहतो, आणि एकपट असेल तर ०.८५ टक्के. मशीनवर ही मर्यादा एकसारखी नसते. कुठे भरपूर सूट असते, कुठे अगदी तोकडी. म्हणून पैसे टाकण्यापूर्वी हा आकडा शोधावा. अर्थात ऑड्समुळे पास लाइनवरचे अपेक्षित नुकसान कमी होत नाही. एकूण लावलेल्या रकमेत त्याचे प्रमाण तेवढे घटते, आणि चढउतार वाढतात. खिशात मोजके पैसे असतील तर पूर्ण ऑड्सचा मोह आवरावा.

आता वेग आणि किमान पैज यांकडे वळू. भरलेल्या टेबलावर तासाला साधारण शंभर दाने पडतात, कारण प्रत्येक दानानंतर डीलरना सगळ्यांच्या पैजा फेडाव्या लागतात. माणसे कमी असली की हीच गती बरीच वाढते. मशीनवर फेडणे क्षणात होते आणि पैज लावायला ठरावीक सेकंदच मिळतात. पास लाइनच्या एका पैजेचा निकाल सरासरी ३.३८ दानांत लागतो, म्हणजे शंभर दानांत सुमारे तीस निकाल. टेबलावर किमान १५ डॉलर असतील तर तासाभरात सुमारे ४५० डॉलर पैजेत फिरतात आणि त्यावरचे अपेक्षित नुकसान सव्वासहा डॉलरच्या आसपास येते. मशीनवर तासाला दीडशे दाने पडतात असे धरून चालू. तिथे ५ डॉलरची पैज लावणाऱ्याचे अपेक्षित नुकसान तीन डॉलरच्या किंचित वर राहते. पण तोच माणूस मशीनवरही १५ डॉलर लावू लागला, तर आकडा साडेनऊ डॉलरच्या जवळ जातो. थोडक्यात, मशीन स्वस्त पडते ते किमान पैज लहान असते म्हणून. पैज वाढवणाऱ्याला ते टेबलापेक्षा महाग पडते. शिवाय बटण दाबून पैज वाढवणे हे हातात चिप्स मोजून ठेवण्यापेक्षा फार सोपे असते, याचे भान ठेवावे लागते.

टेबलावर चार माणसे काम करतात: दोन डीलर, फासे काठीने पुढे सरकवणारा आणि दान पुकारणारा स्टिकमन, आणि चिप्सवर नजर ठेवणारा बॉक्समन. काही पैजा आपण स्वतः ठेवायच्या असतात, काही डीलरला सांगून ठेवून घ्यायच्या असतात. पैसे हातात न देता कापडावर ठेवायचे असतात. फासे एकाच हाताने उचलायचे असतात आणि ते समोरच्या भिंतीवरच्या रबरी उंचवट्यांना लागले पाहिजेत. डोन्ट पासवर खेळणाऱ्याकडे शेजारी कधी कधी नाराजीने पाहतात, कारण बाकीचे हरतात तेव्हा तो जिंकतो. मशीनवर यांपैकी काहीही नसते. नियमबाह्य पैज पडदा स्वीकारतच नाही, कम पैज (पॉइंट ठरल्यानंतर लावायची, पास लाइनसारखीच पैज) आपोआप योग्य आकड्यावर सरकते, आणि डोन्ट पास खेळणाऱ्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. शिकण्यासाठी मशीनसारखी दुसरी जागा नाही, असे मी निःशंकपणे म्हणेन.

तरीही हातात फासे घेण्याची जागा बटणाने भरून निघत नाही. मशीनवरही पाळीपाळीने बटण दाबायला मिळते, पण दाबण्याचा जोर किंवा क्षण यांवर दान ठरत नाही. टेबलावरसुद्धा फासे विशिष्ट तऱ्हेने धरून दान ताब्यात ठेवता येते, या दाव्याला भरवशाचा पुरावा नाही. ते शिकवणाऱ्यांना पैसे देऊ नयेत. टेबलाची ओढ वेगळ्याच गोष्टीत आहे. २३ मे २००९ रोजी अटलांटिक सिटीच्या बोर्गाटा कॅसिनोत एका महिलेने, पॉइंट ठरल्यावर ७ पडून पाळी संपण्यापूर्वी, १५४ दाने टाकली, आणि तिची पाळी ४ तास १८ मिनिटे चालली. असा प्रसंग अत्यंत विरळा असतो, परंतु अनोळखी माणसे एकाच फाशांवर आशा लावून उभी राहतात, हा अनुभव लहान पाळीतही येतो, आणि तो हवा असेल तर टेबलाची जादा किमान पैज ही त्याचीच किंमत आहे.

दोन्हींच्या मधला एक पर्यायही आता काही ठिकाणी आहे. त्यात खेळाडू खरे फासे स्वतःच्या हाताने टाकतात, पण टेबलाचा पृष्ठभाग म्हणजे एक मोठा पडदा असतो आणि पैजा प्रत्येकाने आपल्या समोरच्या टचस्क्रीनवर लावायच्या असतात. फेडण्याचे काम यंत्र करत असल्याने तिथे डीलरांची संख्या कमी लागते. ज्याला फासे टाकायचे आहेत पण चिप्सचा आणि पुकाऱ्यांचा गोंधळ नको आहे, त्याने हा पर्याय आधी पाहावा. ऑड्सची मर्यादा आणि २-१२ चा दर मात्र तिथेही स्वतः वाचूनच पहिली पैज लावावी.